घड्याळजींचा डावा गाल

१

बाटली सापडली ती पोपटवाल्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली.

नर्सेसच्या खोलीत लोखंडी कपाटं ओळीनं उभी होती. नाव कुणाच्याच कपाटावर नव्हतं. कुठे गुलाबाचं स्टिकर, कुठे मांजराचं, एकावर पोपटाचं. मोठ्या साहेबांनी स्वतः दार उघडलं, स्वेटर बाजूला सारला आणि शर्यतीतला कप उंचवावा तशी ती सीलबंद बाटली सगळ्यांच्या डोक्यावर धरली. ज्या सिस्टरचं ते कपाट होतं ती दारातच उभी होती. तिच्या हातात थर्मामीटरचा ट्रे होता. तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मेंदूचे सर्जन. आणि बाटलीतली पूड म्हणजे त्यांचा नवा चमत्कार. पाण्यात विरघळवून ती पेशंटला ऑपरेशनच्या आधी पहाटे पाजायची. ती पूड कॅन्सरच्या गाठीत शोषली जाते. मग डोकं उघडलं, पांढरे दिवे मालवले आणि निळा दिवा लावला, की गाठ निखाऱ्यासारखी गुलाबी चमकते आणि निरोगी मेंदू निळाच राहतो. सर्जननं चमकेल तेवढं काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

पहिला मान मिळाला एका घड्याळजींना. म्हातारे नव्हते, भिंगातून बघून बघून एक डोळा बारीक झालेला, अबोल माणूस. साहेबांनी पाहुणे बोलावले, कॅमेरेवाले बोलावले. निळा दिवा लागला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. आणि काहीच चमकलं नाही. इकडून निळं, तिकडून निळं.

साहेबांनी मग नुसत्या नजरेच्या भरवशावर गाठ काढली. दोन दिवसांनी स्कॅन झाला तेव्हा कळलं की तिचा बराच भाग आत तसाच आहे. आणि आता ही बाटली सापडली. साहेबांचा निकाल तयारच होता. सिस्टरनं महागडी पूड लाटली आणि पेशंटला साधं पाणी पाजलं. तिला उद्या पोलिसांत द्यायचं. परवा दुसरं ऑपरेशन, तेच पाहुणे, तेच कॅमेरे. या खेपेला औषध मी स्वतः पाजणार, असं साहेबांनी जाहीर केलं.

"मी स्वतः" असं म्हणणाऱ्या माणसांबद्दल शंकाबाईंचं मत फार वाईट होतं.

२

शंकाबाई विमा कंपनीच्या चौकशी खात्यात होत्या. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पन्नाशीच्या आसपासची, जाड भिंगांची, पायांत नेहमी बूट घालणारी ही बाई खोलीत शिरली की लोकांना उगीचच आपण काहीतरी लपवलंय असं वाटायचं, आणि बहुधा ते खरंही असायचं. कंपनीला सत्याशी देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, एवढंच तिला हवं होतं. शंकाबाईंना हे ठाऊक होतं, आणि कंपनीबद्दल त्यांचं मत साहेबांबद्दलच्या मतापेक्षा फार वरचं नव्हतं.

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकी म्हणावं की भिंतच फोडली होती असं म्हणावं, असा प्रश्न पडेल एवढी मोठी काच. पडदा नाही. ऊन थेट समोरच्या भिंतीवर, आणि भिंतीवर साहेबांचाच फोटो, हात बांधून उभे. फोटो अलीकडे बदललेला असावा. जुनी चौकट मोठी होती, कारण नव्या चौकटीभोवती बोटभर रुंदीची गडद निळी पट्टी उघडी पडली होती. बाकी सगळी भिंत धुतल्या कपड्यासारखी फिकट. शंकाबाईंनी मनात म्हटलं, माणूस स्वतःचा फोटोसुद्धा फार दिवस एकच ठेवू शकत नाही.

"पडदा लावला असता तर भिंत टिकली असती," त्या म्हणाल्या.

"मला उजेड लागतोच," साहेब म्हणाले. "काळोखात काम करणारी माणसं वेगळी."

मग त्यांनी बराच वेळ स्वतःबद्दल सांगितलं. परदेशात कुठे व्याख्यान दिलं, कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शंकाबाई चष्मा पुसत राहिल्या. घड्याळजींचा उल्लेख त्या सगळ्यात एकदाच आला, "ती केस" म्हणून. बाटल्या किती आल्या होत्या, असं शंकाबाईंनी मध्येच विचारलं.

"एक पेशंट, एक बाटली," साहेब म्हणाले. "मीच सिस्टरच्या हातात दिली. विश्वासानं दिली, हे माझं चुकलं."

"तुमचं कधी चुकतं?"

"माणूस आहे, बाई."

हे ते इतक्या नम्रपणे म्हणाले की शंकाबाईंना त्या नम्रतेची किळस आली.

३

सिस्टर रडत नव्हती, हे शंकाबाईंना बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाकडून धड उत्तर मिळत नाही. सिस्टर चिडली होती, आणि चिडलेला माणूस तपशील नीट सांगतो.

तिनं सांगितलं की सील तिनं घड्याळजींच्या बायकोसमोर फोडलं, पूड पाण्यात ढवळली आणि पेला वहिनींच्याच हातात दिला. आंबट लागतं म्हणून घड्याळजींनी तोंड वाकडं केलं. रिकामी बाटली कचऱ्यात गेली, आणि कचरा त्याच दिवशी गेला.

"आणि नंतर?"

"नंतर खोलीत काळोख. हे औषध प्यायल्यावर अंगावर कडक उजेड पडू द्यायचा नसतो, मॅडम, कातडी पोळते. मी खिडकीच्या पडद्यावर वरून ब्लँकेट टाचलं होतं. सेफ्टी पिना माझ्या स्वतःच्या. मग मला खाली ऑपरेशन थिएटरच्या तयारीला पाठवलं. परत आले तेव्हा ब्लँकेट होतं तसं होतं."

बोलणं नेटकं होतं. पण खोटं बोलणाऱ्यांचंही असतं. शंकाबाई घड्याळजींना बघायला गेल्या.

खोलीत वहिनी होत्या, म्हणजे घड्याळजींची बायको. नवऱ्याच्या उशाशी बसून त्यांनी स्टुलाखाली पाय गुंडाळून घेतले होते, जणू जागा जास्त व्यापली तर कुणी रागावेल. घड्याळजी डोक्याला बँडेज बांधून पडले होते आणि समोरच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे तिरस्कारानं बघत होते. ते घड्याळ मागं पडत होतं. शंकाबाईंना हा माणूस तत्काळ आवडला.

मग त्यांची नजर घड्याळजींच्या चेहऱ्यावर गेली. डावा गाल लालभडक, आणि कडेनं सालपटं निघत होती. डावा कानही तसाच. उजवी बाजू मात्र स्वच्छ, दाढी वाढलेली, पण स्वच्छ.

"हे काय?"

"चिकटपट्टीची ॲलर्जी म्हणाले साहेब," वहिनी म्हणाल्या. "ऑपरेशनच्या वेळी लावतात ना, ताई."

शंकाबाईंनी चादर बाजूला केली. घड्याळजींच्या डाव्या हाताची पाठ बोटांपर्यंत लाल होती, आणि मनगटावर एक पांढरा पट्टा शाबूत होता. घड्याळाचा पट्टा. ऑपरेशनच्या टेबलावर कुणी घड्याळ घालून झोपत नाही.

सिस्टर दारात आली होती. तिनंही तो हात पाहिला, आणि तिचा चेहरा पडला. "पडदा बंद होता, मॅडम," ती पुन्हा म्हणाली. "मी शपथेवर सांगते."

खोली काळोखी होती, आणि माणूस उन्हात पोळला होता. दोन्ही एकदम खरं कसं असणार?

४

वहिनींनी विचारताच सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

सिस्टर खाली गेल्यावर साहेब आले होते, बरोबर कॅमेरेवाले. ब्लँकेट त्यांनीच काढायला लावलं. घड्याळजींना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि शेजारी उभं राहून साहेबांनी पेशंटला धीर दिला. म्हणजे कॅमेऱ्याला दिला. दोनतीनदा चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा दिला. ऊन चांगलंच वर आलं होतं. घड्याळजी एकदा म्हणाले की गाल चुरचुरतो, तेव्हा कॅमेरेवाला म्हणाला, जरा हसा. जाताना ब्लँकेट पुन्हा टाचलं कुणीतरी. वहिनींनी मोबाईलमध्ये एक फोटोही काढला होता. मोठा डॉक्टर आपल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो, हे रोज थोडंच होतं.

शंकाबाईंनी फोटो पाहिला. खिडकी घड्याळजींच्या डाव्या हाताला, ऊन त्याच बाजूनं. साहेब हसत होते. घड्याळजींच्या मनगटावर घड्याळ होतं.

साध्या पाण्यानं कातडी अशी पोळत नाही. सिस्टरनं औषध पाजलं होतं. मग कपाटातली बाटली कुठून आली, आणि औषध पोटात असताना गाठ चमकली का नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर टायवाल्यानं दिलं. औषध कंपनीचा हा माणूस दिवसभर हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात टाय सरळ करत उभा असे. आपल्या पुडीवर ठपका येईल या भीतीनं तो अर्धा झाला होता. पुडीत खोट नाही, हे शंकाबाईंनी सांगितल्याबरोबर तो इतका खूश झाला की न विचारलेलंही बोलून गेला. पुडीत खोट असणारच कशी, तो म्हणाला, त्यानं एक सोडून दोन बाटल्या दिल्या होत्या. एक सांडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही साहेबांच्या हातात. साहेबांनी दुसरी टेबलाच्या खणात टाकली, त्याच्या देखत.

शंकाबाईंनी त्याला चहा पाजला. त्याची लायकी नव्हती, पण पाजला.

धाकट्या डॉक्टरांना बोलतं करणं त्यामानानं जड गेलं. हा साहेबांचा हाताखालचा सर्जन, हुशार, आणि हुशारी खिशात रुमालासारखी घडी घालून ठेवलेला. साहेबांच्या जागेवर त्याचा डोळा आहे असं अर्धं हॉस्पिटल म्हणत होतं. त्याला बघून शंकाबाईंना वाटलं, याचा डोळा असेल, पण पापणी उचलायची हिंमत नाही.

त्यानं सांगितलं की कवटी उघडल्यावर साहेबांनी आधी गाठीचा एक तुकडा काढला. तो झाकणाच्या डबीत घालून लॅबला गेला. मग कॅमेऱ्याचे खास दिवे आत सोडले, उघड्या गाठीवर रोखून, आणि साहेब पाहुण्यांना समजावत बसले. तासाच्या वर. प्रश्नोत्तरंही झाली. त्यानंतर निळा दिवा.

"आणि चमकलं नाही. तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "मी कोण वाटून घेणारा, मॅडम."

"बाटली शोधायला साहेब कसे गेले?"

"सरळ गेले. म्हणाले, ते पोपटवालं उघडा."

शंकाबाई थांबल्या. जो माणूस आपल्या हाताखालच्या एकाही नर्सचं नाव जाणत नाही, सगळ्यांना सरसकट सिस्टर म्हणून हाक मारतो, त्याला बिननावाच्या कपाटांतलं पोपटवालं कुणाचं हे कसं ठाऊक?

चोरीचा बनाव कुणी रचला ते उघड झालं होतं. पण परवा तेच दिवे पुन्हा लागणार होते, आणि गाठ का चमकली नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. विचार करत शंकाबाई वरच्या मजल्यावरून चालल्या होत्या. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि त्या फिकट भिंतीकडे, फोटोभोवतीच्या त्या बोटभर गडद निळ्या पट्टीकडे बघत राहिल्या.

मग त्या जवळजवळ धावतच लॅबकडे गेल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना लॅबच्या मागच्या खोलीत बोलावलं. खोलीला खिडकी नव्हती. साहेब आले ते घड्याळ बघतच आले. हॉस्पिटलचे विश्वस्त आले, साहेबांच्या शब्दाबाहेर नसलेले गृहस्थ. धाकटे डॉक्टर भिंतीला चिकटून राहिले, टायवाला दारापाशी, आणि सिस्टर एकटीच मधोमध, कारण तिच्या बाजूला उभं राहायला कुणी तयार नव्हतं. वहिनींना शंकाबाईंनी मुद्दाम खुर्ची दिली.

आधी त्यांनी गालाची गोष्ट सांगितली, मग हाताची, मग मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्याची. मोबाईलमधला फोटो विश्वस्तांच्या हातात दिला. साहेब म्हणाले, हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे, कातडी हजार कारणांनी लाल होते.

"होते ना," शंकाबाई म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्या भिंतीला विचारलं."

साहेबांना काही कळलं नाही. शंकाबाईंनी सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. उन्हानं भिंत विटली, पण जुन्या फोटोखालचा रंग टिकला. रंग दोन्हीकडे एकच लावला होता. एकावर उजेड पडत राहिला, दुसरा झाकलेला होता. काल त्यांनी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, गाठीतला हा रंगही उजेडानं विटतो का? बाई म्हणाल्या, विटतो की. तासभर प्रखर दिव्याखाली ठेवलात तर वरचा थर साफ मावळतो. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

"तुम्ही आधी काढलेला तुकडा मात्र दिव्याखाली राहिला नाही," शंकाबाई म्हणाल्या. "डबीतून आला, आणि तेव्हापासून इथल्या फ्रीझरमध्ये काळोखात आहे."

डॉक्टरीणबाईंनी दिवा मालवला. मग निळा दिवा लागला.

काचेच्या बशीत नखाएवढा तुकडा होता. तो गुलाबी चमकत होता. गडद, शांत, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा.

मग वहिनींनी विचारलं, हे यांचं का. सिस्टर पहिल्यांदा हलली, तिनं जाऊन वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. त्या वेळी कुठे कॅमेरा नव्हता.

"औषध पाजलं होतं," शंकाबाई म्हणाल्या. "गाठ चमकणारच होती. भाषण ऐकून ऐकून विझली. कपाटातली बाटली ही तुमच्या खणातली दुसरी. टायवाल्यानं ती तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही मला म्हणालात एकच आली. सिस्टरचं कपाट कोणतं ते आधी हेरून ठेवलंत. नाव विचारलं असतंत तर संशय आला नसता, पण तेवढे कष्ट तुम्ही कुठले घेताय."

दिवा लागला. साहेब लाल झाले होते, दोन्ही गालांनी. मला वाटलं तिनंच काहीतरी गडबड केली असणार, ते म्हणाले, नाहीतर चमकलं कसं नाही. पुरावा फक्त... आणि तिथे थांबले. पण तेवढं पुरेसं होतं. विश्वस्तांनी मोबाईल खाली ठेवला.

शंकाबाईंना तेव्हा खरी चीड आली. आतापर्यंत त्या समजत होत्या की माणूस कारण जाणून लपवतोय. त्याला कारण ठाऊकच नव्हतं. ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

"लबाड असतात तर निदान तुमच्या डोक्याला दाद दिली असती," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा तेच दिवे लावणार होतात. पुन्हा चमकलं नसतं. मग कुणाचं कपाट उघडलं असतंत?"

मग त्या धाकट्या डॉक्टरांकडे वळल्या. "आणि तुम्ही. तुम्हाला माहीत होतं."

त्यानं मान खाली घातली. "मी म्हणालो होतो तेव्हा. जरा खरवडून बघू या, खालच्या थरात चमकेल."

"किती मोठ्यानं म्हणालात?"

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, रागानं नव्हे, नुसत्याच. ते त्याला जास्त लागलं असावं.

"उद्या मोठ्यानं म्हणा," शंकाबाई म्हणाल्या. "उद्या सुरी तुमच्या हातात आहे."

विश्वस्त काही बोलणार होते. शंकाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यांना ते म्हणणं मुळातच आपलं होतं असं वाटू लागलं.

६

पाहुण्यांना कळवलं की यायचं नाही. पेला सिस्टरनं दिला. ब्लँकेटला या खेपेला दुप्पट पिना लावल्या. शंकाबाईंचं काम खरं म्हणजे संपलं होतं, अहवाल कंपनीकडे गेला होता, तरी त्या थिएटरबाहेरच्या बाकावर वहिनींशेजारी बसून राहिल्या. वहिनींनी त्यांना घड्याळजींच्या दुकानाबद्दल सांगितलं, लोक घड्याळ टाकून जातात आणि वर्षवर्ष न्यायला येत नाहीत, आणि हे ती सगळी चालू ठेवतात. मालक आला आणि घड्याळ बंद असलं तर बरं दिसत नाही म्हणून.

धाकटे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. आधीच्या जखमेचा वरचा थर जेमतेम खरवडला, ते म्हणाले, आणि खाली सगळं गुलाबी होतं. कडा न् कडा दिसली. जेवढं चमकलं तेवढं काढलं, आता आत नुसता निळा रंग आहे. पुढचे उपचार लागतीलच, पण आत काही सोडलेलं नाही. हे सगळं ते चांगल्या खणखणीत आवाजात बोलले. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघू लागली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. शंकाबाईंनी चष्मा पुसला, आणि मग पुन्हा पुसला.

साहेबांच्या खोलीतला फोटो त्याच दिवशी उतरला. साहेबांची चौकशी लागली, आणि त्यात ते अजूनही स्वतःबद्दलच बोलत असतील, याविषयी शंकाबाईंना शंका नव्हती.

निघताना त्या घड्याळजींच्या खोलीत डोकावल्या. आत मिट्ट काळोख होता. शुद्धीवर येऊन त्यांना फार वेळ झाला नसावा, पण त्यांची कुरकुर सुरू झाली होती. भिंतीवरलं ते घड्याळ. दिसत नाही, पण त्याची टिकटिक ऐकू येते आणि ती चुकीची आहे. माणसानं बरं व्हायचं कसं.

"थांबा, बघते," म्हणत वहिनी उठल्या आणि पडद्याकडे गेल्या.

"पडदा नको," सिस्टर आणि शंकाबाई एकदमच म्हणाल्या.

मग अंथरुणातून एक हात पुढे आला असावा, कारण चादर सळसळली.

"काढून द्या इकडे," घड्याळजी म्हणाले. "मला उजेड लागत नाही."